इन्क्युबेटरमध्ये न लागलेले दही आणि विमलबाईंचे हात

प्रति,
मा. सहसंचालक (प्रयोगशाळा),
मांसपदार्थ तपासणी विभाग, मुख्यालय,
बेलापूर, नवी मुंबई.

मार्फत : केंद्रप्रमुख, पारसिक मांसपदार्थ तपासणी केंद्र, नवी मुंबई.
(यापूर्वीचे तीन अर्ज याच मार्गाने निघाले व मार्गातच राहिले. सबब ही प्रत थेट सादर.)

विषय : दि. १७ जानेवारी २०२५ चा कोंबडीच्या मांसाचा अहवाल मागे घेऊन श्रीमती विमलबाई साळवे यांच्या हातांवरील ठपका दूर करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी व १० मार्च २०२५.
२) केंद्राचे वीजबचत परिपत्रक, नोव्हेंबर २०२३.
३) दही चौकशी समितीचा अहवाल, दि. २७ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. मी, सौ. भावना निकेश कोळी, राहणार दिवाळे गाव, वरील केंद्रात तांत्रिक सहायक (सूक्ष्मजीवशास्त्र) या पदावर नऊ वर्षे कार्यरत आहे. कोंबडीच्या मांसात विषबाधा करणारे जिवाणू, मुख्यतः साल्मोनेला, आहेत की नाहीत हे पाहणे हे माझे काम. अहवालावर पहिली सही माझी असते, दुसरी केंद्रप्रमुखांची. माझ्या अशा एका सहीमुळे एका बाईची नोकरी गेली आहे. ती सही मला परत घ्यावयाची आहे. सही परत घेण्याचा छापील नमुना कार्यालयात नाही, असे मला तीनदा सांगण्यात आले. म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे.

२. श्रीमती विमलबाई साळवे, राहणार दिघा, या तेथील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अकरा वर्षे स्वयंपाक करीत होत्या. दि. ८ जानेवारी रोजी, बुधवारी, दुपारच्या जेवणात कोंबडीचा रस्सा होता. गुरुवारी सकाळपर्यंत तेवीस कामगारांना ताप व जुलाब झाले. रुग्णालयाने त्यांच्यापैकी चौघांत साल्मोनेला असल्याचे लेखी दिले. सुदैवाने सर्वजण बरे झाले. त्याच खेपेतील शिल्लक कच्चे मांस कॅन्टीनच्या फ्रीझरमध्ये होते. ते सोमवारी, १३ तारखेला, आमच्याकडे तपासणीस आले. मी तपासले आणि शुक्रवारी अहवाल दिला : "साल्मोनेला — आढळले नाही."

३. हा अहवाल हाती पडताच कॅन्टीनचे व्यवस्थापक श्री. सुयश यांनी हिशेब सोपा केला. कोंबडी स्वच्छ आहे, पाणी स्वच्छ आहे, म्हणजे घाण बाईच्या हातात आहे. विमलबाईंना सर्व कामगारांसमोर नखे दाखवायला लावली आणि २० जानेवारीला कामावरून कमी केले. नोटिशीवर कारण म्हणून आमच्या अहवालाचा क्रमांक टाकलेला आहे, खाली माझे नाव आहे. दिघ्यात ही बातमी त्यांच्याआधी घरी पोहोचली. शेजारपाजारच्या लग्नांच्या हळदीला दरवर्षी भाकऱ्या थापायला त्यांना बोलावत. यंदा त्यांना नुसते जेवायला बोलावले, तेही उशिरा.

४. दि. २१ जानेवारीला, मंगळवारी, त्या आमच्या केंद्रात आल्या. माझ्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून म्हणाल्या, "बाई, माझं हात घाला तुमच्या मशिनीत. किडं असतील तर दिसतीलच की." मी त्यांना सांगितले की अहवाल बरोबर आहे, यंत्र खोटे बोलत नाही, आणि हात तपासण्याची तरतूद आमच्याकडे नाही. मग त्यांच्या समाधानासाठी मी त्यांना हात कसे धुवावेत याचे सचित्र पत्रक दिले. महोदय, हे लिहिताना मला लाज वाटते. पण मी ते दिले आणि वर हसून दिले. पुढच्या मंगळवारी त्या घडी घातलेले पत्रक घेऊन परत आल्या व म्हणाल्या, "हे सगळं करतेच की वो मी. अजून काय धुवू?"

५. आता तपासणीची रीत थोडक्यात सांगते, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. पंचवीस ग्रॅम मांस पोषक द्रावणात घालून सदतीस अंशांच्या उबेत रात्रभर ठेवायचे. त्यासाठी इन्क्युबेटर असतो, म्हणजे सतत ठरावीक ऊब देणारी बंद पेटी. मांस बर्फात राहिले असेल तर जिवाणू अर्धमेले असतात. त्या रात्रीत ते सावरतात व वाढतात. दुसऱ्या दिवशी त्यातले थोडे दुसऱ्या द्रावणात, जरा जास्त उबेत, जेथे इतर जिवाणू मागे पडतात. तिसऱ्या दिवशी पोषक जेलीच्या प्लेटवर. चौथ्या दिवशी लाल जेलीवर काळे ठिपके उठले तर साल्मोनेलाचा संशय घेऊन पुढे खात्री करायची. ठिपके नाहीत, तर "आढळले नाही." साऱ्या कामाचा जीव त्या रात्रीच्या उबेत आहे. ऊब गेली तर प्लेट स्वच्छ येते, मग मांसात काहीही असो.

६. ही गोष्ट मला नऊ वर्षे पाठ होती. तरी ती मला कळली एका डब्याभर दुधामुळे. दि. २९ जानेवारीला केंद्रातील महिला कर्मचाऱ्यांचे हळदीकुंकू होते व दहीपोह्यांचे दही माझ्याकडे होते. थंडीत, खाडीच्या वाऱ्यात, आमच्या घरी दही धड लागत नाही. इन्क्युबेटरचा खालचा कप्पा रिकामा होता. २८ तारखेला संध्याकाळी पाच वाजता मी कोमट दुधाला विरजण लावून झाकणाचा डबा त्या कप्प्यात ठेवला. रोगजंतू वाढवण्याच्या पेटीत खाण्याची वस्तू ठेवणे हा गंभीर प्रमाद आहे, तो मी केला, आणि त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. सकाळी दहा वाजता डबा उघडला. आत दूध होते. काल जसे ठेवले तसेच्या तसे दूध, आणि पेटीचा काटा सदतीसवर. ते मी ओतून दिले व दहीपोह्यांऐवजी कांदेपोहे केले.

७. संध्याकाळी घरी ही हकीकत सासूबाईंना सांगितली. माझ्या सासूबाई श्रीमती दमयंती या दिवाळ्याच्या बाजारात मासळी विकतात, शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी सुकटीची टोपली खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाल्या, "भांडा गार परला हाय. रातचे कोनी तरी तुजी चूल इझवली हाय, दुसरा काय?" आमच्या केंद्रात दोन पदव्युत्तर अधिकारी व मी धरून चार तांत्रिक सहायक आहेत. आम्हा सहाजणांना सव्वा वर्षात जे सुचले नाही ते त्यांना टोपली डोक्यावर असताना सुचले.

८. मी तशीच उठून केंद्रात गेले. सात वाजून गेले होते. सुरक्षारक्षक श्री. मानसिंग यांनी कुलूप उघडून दिले. आत पूर्ण अंधार. इन्क्युबेटरचा दिवा बंद. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, साहेबांचा सर्क्युलर आहे ना. लास्ट आदमी गेला की मेन स्विच बंद. मी एक दिन पण नाय विसरलो." ते खरे बोलत होते. सकाळी नऊ वाजता शिपाई आप्पा मेन स्विच चालू करतात, दहापर्यंत पेटी पुन्हा सदतीसवर येते. तापमानाच्या नोंदवहीत नोंद दोनदा घ्यायची असते, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. दोन्ही वेळा मी सदतीस लिहिले. दोन्ही वेळा सदतीसच होते. दि. ३० व ३१ जानेवारीला मी आत किमान तापमान दाखवणारा तापमापक ठेवला. नोंद तेवीस आणि साडेबावीस. चादर ओढून झोपण्याइतके.

९. या प्रकरणी श्री. मानसिंग व आप्पा यांचा काडीचाही दोष नाही हे मी येथे ठळकपणे नमूद करते, कारण आमच्याकडे दोष खालच्या पायरीपासून वाटायला सुरुवात होते. श्री. मानसिंग यांना तर गेल्या २६ जानेवारीला वीजबचतीबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले आहे. आता आपण विचाराल, मग प्रयोगशाळेतील फ्रीज कसा चालू राहतो? परिपत्रक निघाले त्या पहिल्याच आठवड्यात फ्रीजमध्ये कोणाची तरी कोळंबी सडली व वास केंद्रप्रमुखांच्या केबिनपर्यंत गेला. चार दिवसांत फ्रीजची लाइन वेगळी झाली. इन्क्युबेटर बंद पडला तर वास येत नाही, हे त्याचे दुर्दैव.

१०. कोणीही विचारेल की, खात्रीसाठी ज्ञात जिवाणू बरोबर वाढवून पाहण्याची पद्धत असते, ती कोठे गेली? ती मागणी मी २०२३ पासून करते आहे. खरेदी समितीचा शेरा फाइलवर आहे : "रोग पसरवणारी वस्तू शासकीय खर्चाने विकत घेण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे." मी प्रयोजन स्पष्ट केले. पुढचा शेरा : "केंद्राचे काम रोगजंतू शोधण्याचे असता ते बाहेरून आणावे का लागतात?"

११. मग मी जुन्या वह्या काढून बसले. परिपत्रकापूर्वीच्या दोन वर्षांत ३१० नमुन्यांपैकी ४४ मध्ये साल्मोनेला आढळले होते. परिपत्रकानंतर ३८८ नमुन्यांपैकी फक्त सहा, आणि ते सहाही एप्रिल-मे मधले, जेव्हा रात्रीसुद्धा घाम येतो. थंडीतला एकही नाही. हे आकडे घेऊन मी केंद्रप्रमुखांकडे गेले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले व उन्हाळ्यात कोंबड्यांची प्रकृती नाजूक होते असे सांगितले. वार्षिक अहवालात मात्र हेच आकडे "परिसरातील कोंबडीमांसाच्या स्वच्छतेत लक्षणीय सुधारणा" या मथळ्याखाली गेले आहेत. ती सुधारणा आम्ही एका बटणाने केली.

१२. दि. ३ फेब्रुवारीला मी पहिला अर्ज दिला. त्यात दह्याची हकीकत पुरावा म्हणून लिहिली होती व दोनच मागण्या होत्या : इन्क्युबेटरला वेगळी लाइन द्यावी व १७ जानेवारीचा अहवाल मागे घ्यावा. उत्तर आठवड्यात आले, इतक्या वेगाने आमच्याकडे फक्त निवृत्तीचे फुलांचे हार येतात. उत्तरात इन्क्युबेटरचा शब्दही नव्हता. ती कारणे दाखवा नोटीस होती : "शासकीय उपकरणाचा वापर खाजगी दही लावण्यासाठी केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?" पाठोपाठ त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली गेली. विमलबाईंच्या नोकरीसाठी आजवर एकही समिती नेमलेली नाही, हे सहज आठवले म्हणून लिहिले.

१३. समितीने काम चोख केले. माझा जबाब सहा पाने झाला. विरजण गाईच्या दुधाचे की म्हशीच्या, डबा स्टीलचा की ॲल्युमिनियमचा, दही सामूहिक सेवनासाठी होते की वैयक्तिक, हे सर्व नोंदवले गेले. रात्री वीज बंद असते हे मी चार वेळा सांगितले. चारही वेळा "विषयाबाहेर" असे लिहिले गेले. मग २० फेब्रुवारीला प्रात्यक्षिक ठरले. तिघा सदस्यांनी स्वतः अर्धा लिटर दूध आणले, कोमट केले, विरजण घातले, डब्याला लाखेचे सील लावले, वर तिघांच्या सह्या केल्या, डबा इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि साडेपाच वाजता घरी गेले. मानसिंग यांनी नेहमीच्या वेळी नेहमीचे काम केले.

१४. सकाळी दहा वाजता सील तोडले. दूध.

१५. समितीचा निष्कर्ष मी जसाच्या तसा उतरवते : "सदर उपकरणात विरजणयुक्त दूध रात्रभर ठेवूनही त्याचे दह्यात रूपांतर होत नाही, असे समितीने प्रत्यक्ष पाहिले. सबब अर्जदार यांनी शासकीय उपकरणात दही लावले हा आरोप सिद्ध होत नाही. अर्जदार यांना दोषमुक्त करण्यात येत आहे." खाली तीन सह्या, शिक्का, तारीख.

१६. महोदय, मी हा कागद घरी नेऊन सासूबाईंना वाचून दाखवला व आम्ही दोघी हसलो. मग हसू थांबून मला एकदम रडू आले. कारण दही हे जिवाणूच लावतात. ज्या पेटीत विरजणाचे धडधाकट जिवाणू वाढत नाहीत, त्या पेटीत फ्रीझरमधून आलेले अर्धमेले साल्मोनेला वाढतील अशी अपेक्षा धरून मी "आढळले नाही" असे लिहिले. समितीने मला ज्या कारणासाठी सोडले, तेच कारण विमलबाईंना सोडवणारे आहे. एकाच पेटीने माझी अब्रू वाचवली आणि त्यांची घालवली. मला असे एकटीने सुटायचे नाही.

१७. दि. २८ फेब्रुवारीला मी समितीचा निष्कर्ष जोडून दुसरा अर्ज दिला. उत्तर : "चौकशी अहवालाची व्याप्ती दह्यापुरती मर्यादित असून तो कोंबडीस लागू करता येणार नाही." दि. १० मार्चच्या तिसऱ्या अर्जावर केंद्रप्रमुखांनी मला समोर बोलावले. त्यांचा आवाज चढला नाही, ते वाईट गृहस्थ नाहीत, पुढच्या वर्षी निवृत्त होतात. म्हणाले, "अहो कोळीबाई, त्या बाईच्या हाताचा स्वॅब घ्या, आपल्याकडेच लावा, 'आढळले नाही' देऊन टाका. ती खूश, विषय संपला. कशाला ताणताय?"

१८. हे मी करू शकले असते. खरे सांगते, एक दिवस विचारही केला. विमलबाईंच्या हातात तो कागद ठेवला असता तर त्या माझ्या पाया पडल्या असत्या. पण त्या पेटीत मी नाल्याचे पाणी घातले तरी ते स्वच्छ ठरेल. जे यंत्र त्यांच्या विरुद्ध खोटे बोलले त्याच यंत्राला त्यांच्या बाजूने खोटे बोलायला लावायचे, आणि त्यावर पुन्हा माझीच सही. असा कागद मी देणार नाही. त्यांचे हात मुळात आरोपी नव्हतेच, त्यांना निर्दोष ठरवणारी मी कोण?

१९. सबब विनंती अशी की,

(अ) १७ जानेवारीचा अहवाल तात्काळ मागे घेऊन "चाचणी अवैध" असे पत्र कॅन्टीनला द्यावे. विमलबाईंची जागा १ एप्रिलपासून कायमची भरली जाणार आहे. त्यानंतर आलेल्या पत्राचा उपयोग चुलीला होईल.

(ब) त्या नमुन्याचे १८० ग्रॅम मांस आमच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे सुदैवाने कोळंबीच्या लाइनवर, अद्याप सीलबंद आहे. २८ मार्चला वर्षअखेरीच्या सफाईत ते नष्ट करण्याचे आदेश आहेत. ते थांबवून मांस अन्य प्रयोगशाळेत पाठवावे. पंचवीस ग्रॅम पुरतात.

(क) नोव्हेंबर २०२३ पासूनचे "आढळले नाही" असे सर्व अहवाल फेरविचारात घ्यावेत. ते कोणाकोणाच्या ताटात गेले, मला ठाऊक नाही.

(ड) त्या अहवालांवर पहिली सही माझी आहे. कारवाई करायची तर माझ्यापासून सुरू करावी, आणि कृपया यावेळी ती दह्यासाठी नसावी.

(इ) इन्क्युबेटरला वेगळी लाइन द्यावी. वायरमनने जागा पाहून ठेवली आहे. तो म्हणतो, दोन तासांचे काम आहे.

२०. आज मंगळवार. "पुढच्या मंगळवारी या" असे मी जानेवारीत एकदा म्हटले होते, तेव्हापासून विमलबाई एकही मंगळवार चुकवत नाहीत. दिघ्याहून येतात, बाहेरच्या बाकावर बसतात. आताही बसल्या आहेत. आणखी पुष्कळ लिहायचे होते, परंतु साडेसहा झाले, मानसिंग दारात उभे आहेत आणि त्यांना मेन स्विच बंद करायचा आहे. आत काल ठेवलेले नऊ नमुने आहेत. म्हणून येथेच थांबते.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र परंतु आता गप्प न बसणारी,

(सही)
सौ. भावना निकेश कोळी
तांत्रिक सहायक (सूक्ष्मजीवशास्त्र)
दि. १८ मार्च २०२५

सोबत :
१) अहवाल दि. १७ जानेवारी २०२५, माझ्या सहीसह.
२) तापमान नोंदवहीच्या प्रती. सर्व नोंदी ३७. सर्व खऱ्या.
३) किमान तापमापकाच्या दोन रात्रींच्या नोंदी.
४) दही चौकशी समितीचा अहवाल, मला दोषमुक्त करणारा.
५) हात कसे धुवावेत, हे सचित्र पत्रक. श्रीमती विमलबाई साळवे यांनी परत केलेले.